रंगकाम चालू आहे

शनिवारी सकाळी चहाची कपबशी विसळता विसळता एकनाथने ओल्या बोटांनीच फोन उघडला आणि विशाखाचा निरोप वाचला. ‘बाबा, तुमच्यासाठी हॉटेल बुक केलंय. पाचही दिवस. घरात रंगकाम चालू आहे, वासाने तुमचं डोकं दुखेल. हॉटेल छान आहे, फोटो पाठवते.’ खाली एक हसरा चेहरा. त्याने हात पुसले, चष्मा लावला, पुन्हा वाचला, आणि कप बेसिनमध्ये असा आपटला की कान तुटून हातात आला. हॉटेल. बापाला हॉटेल. सव्वीस वर्षं ओमानच्या या वाळूत हाडं तापवून जी पोरगी शिकवली, बोस्टनला धाडली, तिच्या दारात बाप जन्मात पहिल्यांदा जाणार, तर ती त्याची सोय परस्पर हॉटेलात लावून मोकळी. आणि निरोप धाडला कधी, तर तिकडे रात्रीचे बारा वाजल्यावर, म्हणजे पाठवायचा आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायचं; बापाने फोन केला तरी उचलायला नको. तुटलेला कान त्याने खिडकीतून बाहेर फेकला. खाली सहमच्या बाजारात शटरं वर जात होती, कुणीतरी मासळीची पेटी ओढत नेत होतं, आणि सप्टेंबर अर्धा सरला तरी सकाळी आठलाच ऊन चटके देत होतं. एकनाथला त्या उन्हाचाही राग आला.

रंगकाम म्हणे! हे कुणाला सांगतेय ही? सोहार औद्योगिक वसाहतीतल्या पाइपांच्या कारखान्यात मेंटेनन्सचा फोरमन म्हणून त्याने किती टाक्या, किती शेड, किती भिंती रंगवून घेतल्या होत्या याची गणती नव्हती. इमल्शनचा हात दोन तासांत वाळतो. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. खिडक्या उघड्या टाकल्या की चौथ्या दिवशी वास औषधालासुद्धा उरत नाही. आणि हा जाणार होता ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेला, अजून पाच आठवड्यांनी. पाच आठवडे रंगवायला हिने काय राजवाडा घेतलाय? एक बेडरूम, एक हॉल, पांढरंशुभ्र स्वयंपाकघर. जूनमध्ये तिने फोटो पाठवले होते, आणि त्याच्या बायकोने, जयवंतीने, ते गावी सगळ्या वाडीला दाखवून दाखवून फोनची काच घासवली होती. म्हणजे खोटं. सरळसरळ खोटं, आणि तेही असं गबाळं, की बापाला एवढी अक्कल नाही असं धरून चाललेलं. त्याला त्याचाच जास्त राग आला. खोटं बोलायचं तर जरा मेहनत घेऊन बोलावं.

पलंगासमोरच्या भिंतीवर त्याने प्लॅन चिकटवला होता. कारखान्यात वर्षातून एकदा शटडाऊन असतो, सगळी मशिनं बंद करून दुरुस्ती होते, तेव्हा तासातासाचा तक्ता एकनाथ करतो. कोण कुठे, कधी, कुठला पाना घेऊन. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने विचार करायचा असतो हे तो विसरूनच गेला होता, म्हणून बोस्टनचाही शटडाऊनच झाला होता. अर्बाबने, म्हणजे कारखान्याच्या ओमानी मालकाने, सात दिवस दिले होते, नोव्हेंबरचा खरा शटडाऊन तोंडावर आहे म्हणून कुरकुरत. त्यातले दोन विमानात, उरले पाच. पहिला दिवस: विमानतळ, विशाखाचे घर, जेवण, आराम. दुसरा: जुन्या शहरातून चालत, फुटपाथवर लाल विटांची रेघ आहे, तिच्यावरून चालत राहिलं की जुनी चर्चं, जुनी सभागृहं, जुनं कब्रस्तान एकापाठोपाठ लागतात, अडीच मैल. हे त्याला फार आवडलं होतं. कारखान्यातही माणसांनी चालायची पिवळी रेघ असते. तिच्याबाहेर पाऊल पडलं की तो कामगारांना झापतो. तिसरा दिवस बंदर. तिथे इंग्रजांवरच्या रागापोटी लोकांनी चहाच्या पेट्याच्या पेट्या पाण्यात फेकल्या होत्या. तो चहा फुकट गेला हे त्याला पटलं नव्हतं, पण राग पटला होता. चौथा दिवस झाडं. त्या दिवसांत तिथली पानं लाल-पिवळी होतात, ती बघायला म्हणे जगभरातून माणसं येतात. पानं गळताना काय बघायचं? पण विशाखा म्हणाली होती, ‘बाबा, बघाच तुम्ही,’ म्हणून त्याने नदीकाठची वेळही टाकली होती, तीन ते साडेपाच. आता त्याने पेन उचललं आणि ‘विशाखाचे घर’ या शब्दांवर अशी रेघ ओढली की कागद फाटून खालची भिंत दिसू लागली.

जयवंतीला फोन लावला. ती दापोलीजवळच्या घरात, दोन्ही गुडघे दुखतात म्हणून एवढा प्रवास नको म्हणणारी. पण एकनाथवर तिने कामं मात्र सोपवून ठेवली होती. घर कसं आहे ते नीट बघून या. गॅलरी आहे का? देवाला जागा कुठे केलीय? कपाटं उघडून बघा, डाळतांदूळ आहे की नुसता पाव खाते. हॉटेलचं ऐकल्यावर ती आपल्यासारखीच भडकेल असं त्याला वाटलं होतं.

“रंगकाम?” जयवंती म्हणाली. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

“हां, रंगकाम. पाच आठवडे रंग देतेय पोरगी तुझी.”

“मग राहा की हॉटेलात. तिचं काही असेल.”

“काय असेल? मीही तेच विचारतोय, काय असेल? कुणी राहत असेल तिच्या घरात, नाहीतर बापाची लाज वाटत असेल. दोनातलं एक सांग.”

“अहो, तुम्ही उगाच डोक्यात राख घालून घेऊ नका. रंगाचं म्हणाली ना? मग रंगाचंच असेल.”

“तू तिचीच बाजू घे.”

“मी कुणाची बाजू घेत नाही,” असं म्हणून जयवंतीने फोन ठेवला, आणि ती इतक्या शांतपणे का बोलली हे त्याला कळेना. तिच्या त्या शांतपणाने तो अजूनच पेटला.

कुणी राहत असेल तर राहू दे. ते तो गिळेल. गेले दोन महिने, जायचं ठरल्यापासून, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याने तेही गिळून पाहिलं होतं: दार उघडणारा एक उंच मुलगा, गोरा नाहीतर काळा, मराठी न येणारा, ठीक आहे, हात मिळवू. पण लाज गिळता येत नव्हती. कामगारांशी हिंदीत, अर्बाबशी मोडक्या अरबीत, इंजिनीयरशी त्याहून मोडक्या इंग्रजीत बोलणारा, पेचकस धरून धरून अंगठ्याची कातडी जाड झालेला बाप. त्याला चार मित्रमैत्रिणींसमोर सोफ्यावर कसं बसवायचं, असाच प्रश्न पडला असणार तिला. अमेरिकेला गेल्यापासून ती बोलायचीही वेगळी. हळू. पूर्वी गावाहून फोन करायची तेव्हा फोन कानापासून लांब धरावा लागायचा. आता प्रत्येक वाक्य दबक्या आवाजात, कुणी ऐकेल की काय असं. शिकलेली माणसं हळू बोलतात, जयवंती कौतुकाने म्हणायची. एकनाथ ‘जरा मोठ्याने बोल की!’ म्हणून खेकसायचा आणि ती ‘हो बाबा’ म्हणून तेवढंच हळू बोलायची. बापाचा आवाजसुद्धा खपत नव्हता तिला. आपण जाऊच नये. व्हिसाचा शिक्का पासपोर्टात पडून राहू दे, तिकीट रद्द करावं, आणि लाल विटांच्या रेघेवरून ज्याला चालायचंय त्याने चालावं. अकरा वाजेपर्यंत त्याने तीनदा तिकीट रद्द केलं आणि तीनदा ठेवलं, सगळं मनात.

मग तो खाली महमूदच्या दुकानात गेला. महमूद रत्नागिरीचा, सहममध्ये त्याचं किराण्याचं दुकान, आणि एकनाथची खोली त्याच दुकानाच्या डोक्यावर. कांद्याच्या गोणीवर बसून एकनाथने सगळं ओकून टाकलं. महमूद एका ओमानी म्हाताऱ्याला बिस्किटांचे पुडे देत ऐकत होता; म्हातारा गेल्यावर त्याने गल्ला बंद केला आणि एकनाथकडे नीट बघितलं.

“पोरगी हाय ती तुझी, कामगार नाय. इतका कशाला बोंबलतंस?”

“बापाला हॉटेलात उतरवते ती, महमूदभाय. घर असून.”

“आनी तू तरी कुठं नेलंवतंस बायकापोरीला? कॅम्पात? जाफरभायचा घर कुनी दिलावता तुला वाडी अदाईला? विसरलास?”

एकनाथ विसरला नव्हता. विसरायचा प्रश्नच नव्हता. फक्त ती गोष्ट त्याने आपल्या डोक्यात अशा जागी ठेवली होती, जिथे त्याला जावं लागत नसे. “त्याचा इथे काय संबंध?” म्हणून तो उठला, गोणीतला एक कांदा पायाने उडवला आणि खोलीवर येऊन एसीसमोर उभा राहिला. पण महमूदने दार उघडून दिलं होतं. अठरा वर्षांपूर्वी तो मस्कतबाहेरच्या कॅम्पात होता, एका कंत्राटदाराकडे. एका खोलीत आठ माणसं, चार दुमजली लोखंडी पलंग, बाहेर नळ, रांग. पत्रात आणि फोनवर मात्र तो ‘आमचं क्वार्टर’ म्हणायचा. क्वार्टर म्हणता म्हणता त्याला खिडक्या आल्या, स्वयंपाकघर आलं, आणि मग जयवंती म्हणाली, एकदा बघू दे की. विशाखा नऊ वर्षांची होती. व्हिजिट व्हिसा निघाला तसा तो घाबरून महमूदकडे धावला होता. महमूदचा चुलतभाऊ जाफर मस्कतमधल्या वाडी अदाईला कुटुंबासह राहायचा आणि सुट्टीत सगळे गावी निघाले होते; पंधरा दिवसांसाठी किल्ली मिळाली. एकनाथने जाफरच्या घरातले फोटो उतरवून कपाटात ठेवले आणि कपाटाला कुलूप घातलं. भिंतीवरची कुराणातल्या आयतीची मोठी फ्रेम महमूदने स्वतः उतरवून स्वच्छ कापडात गुंडाळून नेली. त्याच खिळ्यावर एकनाथने गणपतीची तसबीर लावली. तसबीर लहान होती, आणि मागे भिंतीवरचा न मळलेला चौकोन मोठा होता. गणपतीच्या चारी बाजूंनी तो पांढरा दिसत राहिला. जयवंती आली, तिने घर बघितलं, मग बराच वेळ तो चौकोन बघितला. त्याने घाईने सांगितलं, ‘रंगकाम काढणार आहेत. मालक म्हणालाय.’ आणि चार दिवसांनी ती ‘तुमचे सोबती राहतात तो कॅम्प तरी दाखवा’ म्हणाली, तेव्हाही त्याच्या तोंडून तेच निघालं. ‘तिथं रंगकाम चालू आहे. वासाने तुझं डोकं दुखेल.’

एसीच्या थंड वाऱ्यात उभा असूनही त्याच्या मानेवर घाम आला. तेच शब्द. पोरगी तेव्हा कुठे होती? दारात. दारातच असायची ती, कारण त्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकावर एक, प्रत्येक रेघेपुढे तारीख आणि नाव, नूरैन, नूरैन, नूरैन. सगळं घर पुसून काढताना त्या रेघा तेवढ्या राहिल्या होत्या. ‘बाबा, नूरैन कोण?’ आधी राहत होते त्यांची मुलगी. ‘मग आता माझी पण खूण करा ना. आपलं घर आहे ना हे?’ तिने पाठ चौकटीला टेकवली होती, हनुवटी वर केली होती, पेन्सिल त्याच्यापुढे धरली होती. आणि तो ओरडला होता. भिंती खराब करायच्या नाहीत, म्हणून; असा ओरडला होता की तिच्या हातातून पेन्सिल पडली आणि फरशीवरून घरंगळत फ्रिजखाली गेली. दुसऱ्याच्या चौकटीवर तिची खूण कशी करायची? जाफर आल्यावर काय म्हणेल? पण हे सांगता येत नव्हतं, म्हणून ओरडायचं. त्यानंतर पंधरा दिवसांत तिने घराबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. निघताना विमानतळावर मात्र आपणहून म्हणाली होती, ‘बाबा, घर मस्त आहे तुमचं.’ त्या वाक्यावर त्याने पुढची कितीतरी वर्षं काढली होती. कॅम्पातल्या पलंगावर पडून, घाणेरड्या गरमीत, त्याला वाटायचं, चला, पोरीला तरी फसवता आलं.

पाच वाजता, म्हणजे तिकडे सकाळी नवाला, दर शनिवारी विशाखाचा व्हिडिओ कॉल येई. एकनाथने दुपारभर बोलायची वाक्यं तयार केली होती. ‘मला तुझं हॉटेल नको.’ ‘बापाला फसवायला अजून लहान आहेस.’ ‘सरळ सांग, कोण आहे घरात?’ त्याला काही कळलं नव्हतं, किंवा तो कळून घ्यायचं टाळत होता. तेच शब्द तिने वापरले ते आपल्याला टोचायला, असंही मधेच वाटून गेलं, आणि राग पुन्हा ताजा झाला. फोन वाजला. विशाखा नेहमीसारखी भिंतीला टेकून बसली होती, केस ओले, आणि तिच्या एका बाजूला तो नेहमीचा निळ्या फुलांचा पडदा. खिडकीचा पडदा, असंच तो आणि जयवंती इतके दिवस समजत होते.

“बाबा, चिडलात ना?” ती हळू आवाजात म्हणाली.

तो तोंड उघडणार तेवढ्यात पडदा हलला. विशाखा हलली नव्हती. वारा नसावा, केस हलले नव्हते. पडदा आपला आपण दोन बोटं पुढे आला, किंचित डोलला आणि परत जाग्यावर गेला. एकनाथने फोन डोळ्यांजवळ नेला. पडद्याला दांडी नव्हती, कड्या नव्हत्या. वरची कड कशाखाली तरी खोचलेली होती, आणि मधे दोन कपडे वाळत घालायचे चिमटे, एक हिरवा, एक पांढरा. लोखंडी पलंगाला खिळा मारता येत नाही; म्हणून चादरीची कड वरच्या गादीखाली खोचायची आणि घसरते तिथे चिमटे लावायचे. वरचा माणूस कुशीवर वळला की चादर हलते. अकरा वर्षं तो तशा एका चादरीमागे झोपला होता, जेवला होता, जयवंतीची पत्रं वाचली होती, आणि इतर सात जण झोपलेले असत म्हणून फोनवर बोलला होता तो हळू. त्याने तयार केलेलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. राग गेला नाही. पण त्याला आता ती सापडेना जिच्यावर तो काढायचा होता. जिकडे बघावं तिकडे तो स्वतःच उभा होता, हातात जाफरच्या घराची किल्ली घेऊन.

“बाबा? आवाज येतोय का?”

“खालचा आहे की वरचा?” एकनाथने विचारलं.

“काय?”

“पलंग.”

विशाखाने पटकन पडद्याकडे बघितलं, मग फोनकडे. तिचा चेहरा नऊ वर्षांचा झाला. “खालचा,” ती म्हणाली.

“किती जणी?”

“सहा. दोन खोल्यांत. बाबा, जॉब आहे मला, ते खोटं नाही. पण टेम्पररी आहे अजून, आणि इथे भाडं म्हणजे... जूनमधले फोटो मैत्रिणीच्या घरातले होते. मला वाटलं, तुम्ही यायच्या आत काहीतरी बरं मिळेल. नाही मिळालं. आईला सांगू नका प्लीज.”

“पायाकडून उघडा आहे तुझा पडदा,” तो खेकसला. त्याला दुसऱ्या कुठल्या आवाजात बोलता येईना. “तिकडून उजेड येतो, झोप लागत नाही. तिथे टॉवेल लाव. जाड. आणि चपला पलंगाखाली ठेवू नकोस, उशाशी ठेव, नाहीतर सकाळी दुसरीच घालून जाते.”

“हो बाबा.” ती हसली की काय ते नीट कळलं नाही, नाक पुसत होती. मग म्हणाली, “जाफरकाकांचं घर मात्र छान होतं.”

एकनाथने जाफरचं नाव बायकोपुढे किंवा मुलीपुढे कधी उच्चारलं नव्हतं. अठरा वर्षांत एकदाही नाही. “तुला कुणी सांगितलं?”

“दारामागे लाइटचं बिल लटकवलेलं होतं. तुम्ही ओरडलात त्याच, पहिल्या संध्याकाळी मी नाव वाचलं आणि आईला दाखवलं. आई म्हणाली, ठेव तिथेच, बाबांना बोलू नकोस.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून. म्हणजे तो चौकोन, ते कुलूपबंद कपाट, दुसऱ्या बाईचे मसाल्याचे डबे, सगळं कळून मायलेकी पंधरा दिवस त्या घरात त्याच्या पाहुण्या म्हणून वावरल्या, आणि विमानतळावरचं ते वाक्य नऊ वर्षांच्या पोरीने त्याला भीक घातल्यासारखं घातलं होतं. नाही, भीक नव्हे. ते काय होतं त्याला शब्द सापडेना, आणि शब्द सापडत नाही याचा त्याला भयंकर राग आला. जयवंतीचा, त्या लाइटच्या बिलाचा, आणि आपण त्या दिवशी एवढ्या जोरात ओरडलो त्याचा तर असा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्याने भिंतीवरचा प्लॅन फाडून हातात घेतला, उगाचच, काहीतरी हातात हवं म्हणून.

“त्या हॉटेलात पलंग किती आहेत?” त्याने विचारलं.

“दोन. का?”

“मग तूही ये तिथे राहायला. पाचही दिवस. त्या पलंगावरून ऊठ, पाच दिवस नीट झोप. सकाळी चहा मी करीन, त्या खोलीत किटली असते ना? आईला फोटो पाठवू, पोरीचं घर म्हणून. तिला काय ते कळेल, कळू दे.”

विशाखा नुसती मान हलवत राहिली.

“आणि पेन्सिल घेऊन ये.”

“पेन्सिल?”

“तुझी उंची मोजायची राहिलीय.”

“बाबा, मी सत्तावीस वर्षांची आहे. आणि हॉटेलची भिंत आहे ती. दंड करतील.”

“करू देत दंड!” एकनाथ गरजला. “करू देत काय करायचं ते!”

आवाज एवढा मोठा होता की खाली महमूदने शटरवर थाप मारून विचारलं, “काय झाला रं?” फोनमध्ये निळ्या फुलांची चादर जोरात हलली होती आणि विशाखा ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प राहायची खूण करत होती, कारण वरची अजून झोपली होती.